श्यानता राखा

इलियास तांबोळी पाण्याच्या बाटलीत तेल आणतो.
बाटलीभोवती कालचा पेपर, वर सुतळी,
बुचावर पेनानं : टायर, कुदळवाडी, लॉट नऊ.
काळं म्हणावं तर तसंही नाही,
खिडकीशी धरलं की कडा तांबूस, कोऱ्या चहासारखी.
वास मात्र टायरचाच.
भोसरीत सात वर्षं काढल्यावर
तो माझ्या डब्यातल्या पोळीलाही असतो,
मी वेगळा करून हुंगत नाही.

कॉलेजात हा शब्द पहिल्यांदा ऐकला
तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं, 'शांतता'.
द्रवाची शांतता. तापमान वाढलं की शांतता कमी होते.
परीक्षेपर्यंत मला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही.
इथे भिंतीवर पाटी आहे 'शांतता राखा',
त्यावर कुणीतरी खडूनं दुरुस्ती केलीय.
नाडगीर सर ती पुसू देत नाहीत.

बाथ चाळीसला आणायचा.
एप्रिलात त्याला फारसं काम नसतं,
पत्र्याखाली खोलीच एकोणचाळीस असते.
कपात तेल खुणेच्या टोकापर्यंत,
टोक बुडता कामा नये.
तळाशी अकिकाचा खडा, त्याला दाभणाएवढं भोक.
गोळी उचलायची,
आणि अंगठा त्याच क्षणी घड्याळावर.

म्हणतात, हे सगळं त्यात आहे :
स्वारगेटहून सुटणारी बस, मंचरचा कांद्याचा ट्रक,
कुणाच्या तरी स्कूटरचं दोनदा पंक्चर काढलेलं मागचं चाक,
चाकणच्या खड्ड्यांचे सगळे हिशेब.
मला दिसत नाही.
मला एक धार दिसते
आणि खालच्या फ्लास्कच्या मानेवरची पन्नासची रेघ.

अडतीस सेकंद.
पुन्हा अडतीस.
तिसऱ्यांदा धार मध्येच बारीक झाली, तुटली,
थेंब, थेंब, मग तेही नाही.
काजळीचा कण.
तार घालायची नाही, मी नव्या पोराला सांगते,
भोकाला एक ओरखडा गेला
तर हा दगड जन्मभर खोटं बोलेल.
मऊ कागदाची वात करून काढला कण, तेल गाळलं, पुन्हा भरलं.

इलियास स्टुलावर बसून बघत होता.
त्याच्या बोटात चांदीची अंगठी, खडा विटकरी.
"हाही अकीकच," मी म्हटलं.
त्यानं अंगठी एकदा फिरवली.
"अब्बांची. मॅडम, घेणारा छत्तीस मागतोय."
"चाळीसला अडतीस आहे."
"मग पन्नासला करा की."
"करते. आणि वर पन्नासच लिहीन."
तो हसला. मीही.
रिपोर्टवर अडतीस गेलं.

जूनमध्ये तो परत आला, बाटलीशिवाय.
घेणाऱ्याच्या लॅबमध्ये चव्वेचाळीस निघाले होते,
त्यानं ट्रक फाटकातूनच वळवला होता.
"तुमचं अडतीस," तो म्हणाला, पुढे काही नाही.
मी कपाटातून आमची राखून ठेवलेली बाटली काढली,
त्याच्यासमोर सील फोडलं,
बाथ चाळीसला, टोक न बुडवता.
पंचेचाळीस.
काचेच्या तळाशी डिंकासारखं काही धरलं होतं.

"ठेवलं की दाटतं," सर दारातून म्हणाले,
"त्याला परत टायर व्हायचं असतं."
तसं काही नसतं.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : साठवणीत बदल.
लिहिताना सात वर्षांतले किती लॉट
किती दिवस उन्हात उभे होते, हे मनात आलं,
पण त्याला रकाना नाही.

इलियासनं दोन्ही वेळचे पैसे मोजले.
मी दुसऱ्या वेळचे नको म्हटलं, तो ऐकेना,
चिकट माणूस.
शेवटी निम्मे घेतले, पावती निम्म्याची,
गुरुवार असल्यामुळे सुट्टे मिळायला
समोरची टपरीही उघडी नव्हती.
त्याचे वीस रुपये अजून ड्रॉवरमध्ये आहेत,
बुचावर, लॉट नऊ.